पुन्हा पुन्हा फुटणारी पुटकुळी : दाढेच्या मुळातल्या बायोफिल्मवर प्रकाशाचा वापर

बाईंचं वय पन्नाशीच्या आसपास. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. दाढ दुखत नव्हती. मात्र तिच्या बाहेरच्या बाजूला हिरडीवर एक लहान पुटकुळी यायची, फुटायची, तोंडात खारट चव उतरायची आणि दोन-चार दिवसांत सगळं बसायचं. महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच. दाढेचं रूट कॅनाल काही वर्षांपूर्वी झालेलं होतं आणि वर कॅप होती. मधल्या काळात अमॉक्सिसिलिनचे, एकदा त्याच्या जोडीला मेट्रोनिडाझोलचे कोर्स होऊन गेले होते.

"गोळ्या चालू आहेत तोवर बरं असतं, डॉक्टर. बंद केल्या की आहेच परत," असं त्यांनी सांगितलं. अर्धं निदान या वाक्यातच होतं. औषध लागू पडतंय आणि तरी आजार जात नाही, असं दिसलं की औषधाला प्रतिकार करणारा जिवाणू हा पहिला संशय मनात येतो. दाताच्या मुळात मात्र बहुतेक वेळा गोष्ट वेगळी असते. औषध जिथे पोहोचतं तिथे ते काम करतं, आणि जिवाणू राहतात तिथे ते पोहोचतच नाही.

मधुमेह होता, पण आटोक्यात. इतर औषधांची नीट चौकशी केली. पुढे प्रकाशाच्या उपचारासाठी मिथिलीन ब्लू हा निळा रंग वापरायची वेळ आली तर ती माहिती लागणार होती. हा रंग शिरेतून मोठ्या मात्रेत दिला, तर नैराश्यावरच्या काही गोळ्यांशी त्याचा धोकादायक संबंध येतो. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यांनाही त्याने त्रास होऊ शकतो. दाताच्या मुळात जाणारा थेंबभर रंग त्या तुलनेत नगण्य असतो, तरी विचारायला अर्धं मिनिट लागतं आणि मी ते विचारतेच.

तपासणी

पुटकुळीच्या छिद्रातून गटापर्चाची (नळी भरायला वापरतात त्या रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढला. छिद्र हिरडीवर एका जागी दिसत असलं, तरी पू भलत्याच मुळाकडून येत असू शकतो. काडीचं टोक पुढच्या, म्हणजे मिझियल मुळाच्या शेंड्याशी जाऊन थांबलं. तिथे हाडात काळसर सावली होती. जुनं भरण शेंड्याच्या सुमारे दोन मिलिमीटर अलीकडेच संपलेलं होतं.

हिरडीची खोली दाढेभोवती सगळीकडे मोजली. एकाच जागी खोल आणि अरुंद खाच लागली असती, तर मुळाला उभी चीर गेल्याची शंका घ्यावी लागली असती. तसं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ असतं. सुदैवाने खाच नव्हती.

सीबीसीटी, म्हणजे दाताचा त्रिमितीय स्कॅन, काढल्यावर चित्र आणखी स्पष्ट झालं. मिझियल मुळात दोन नळ्या होत्या, दोन्ही पूर्वी सापडलेल्या आणि भरलेल्या. तिसरी नळी राहून गेली असेल या शंकेला आधार मिळाला नाही. पण दोन नळ्यांच्या मधोमध त्यांना जोडणारी एक पातळ फट होती. तिला इस्थमस म्हणतात. खालच्या दाढांच्या मिझियल मुळात ती इतकी सर्रास आढळते की ती असणारच असं धरून चालावं. फाईल, म्हणजे नळी खरवडायची बारीक सुई, गोल फिरते आणि गोल जागा साफ करते. रिबिनीसारख्या चपट्या फटीत ती शिरत नाही. उलट गोल नळी खरवडताना निघालेला दंतिनाचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) भुगा त्याच फटीत दाबला जातो.

जिवाणू कुठे टिकून राहिले असावेत याचा माझा अंदाज इथे पक्का झाला.

गोळ्या का हरल्या

मुळाच्या आतला गर मेला की तिथलं रक्ताभिसरण संपतं. तोंडावाटे घेतलेलं अँटिबायोटिक रक्तातून जातं, म्हणजे ते हाडातल्या सुजेपर्यंत पोहोचतं. त्यामुळे पू कमी होतो, पुटकुळी बसते आणि रुग्णाला बरं वाटतं. नळीच्या आत मात्र औषधाचा पत्ता नसतो. तिथून रोज थोडे जिवाणू आणि त्यांची विषारी द्रव्यं शेंड्यातून बाहेर झिरपत राहतात.

शिवाय आत राहणारे जिवाणू सुटे नसतात. दंतिनाच्या भिंतीला चिकटून, स्वतःच तयार केलेल्या चिकट आवरणात ते वस्ती करतात. हीच बायोफिल्म. त्या आवरणात बहुशर्करा असतात, प्रथिनं असतात आणि मेलेल्या जिवाणूंचा बाहेर सांडलेला डीएनएसुद्धा असतो. अशा वस्तीतले जिवाणू सुट्या जिवाणूंच्या तुलनेत दहा ते हजार पट जास्त औषध सहन करतात, असं प्रयोगशाळेत दिसतं. आवरण औषधाला थोडं अडवतं, पण कारण तेवढंच नाही. आतल्या थरांत अन्न आणि ऑक्सिजन कमी असल्याने जिवाणू जवळजवळ झोपेत असतात. बरीचशी अँटिबायोटिक वाढणाऱ्या, विभागणाऱ्या पेशीवर घाव घालतात. झोपलेल्या पेशीत त्यांना घाव घालायला चालू यंत्रणाच मिळत नाही.

पुन्हा बिघडलेल्या रूट कॅनालमध्ये एन्टेरोकॉकस फिकॅलिस हा जिवाणू वारंवार सापडतो. तो उपाशी राहू शकतो, दंतिनाच्या एक-दोन मायक्रोमीटर रुंदीच्या सूक्ष्मनलिकांत शिरून बसतो, आणि दोन भेटींच्या मध्ये नळीत भरायच्या ज्या लेपाच्या भरवशावर आम्ही असतो त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडलाही बऱ्यापैकी तोंड देतो. या लेपाचा सामू सुमारे साडेबारा असतो. पण दंतिन स्वतः तो सामू खाली ओढतं आणि नलिकांच्या आत तो तेवढा राहत नाही. या जिवाणूकडे प्रोटॉन आत ओढणारा पंप आहे, त्यामुळे सामू ११ च्या आसपास असेल तर तो निभावून नेतो. साडेअकराच्या पुढे त्याचं निभत नाही. मधला अर्धा अंक छोटा वाटतो, पण दाढ वाचणार की जाणार हे त्यावर ठरू शकतं.

पहिली भेट, दुसरी भेट

बाईंपुढे तीन वाटा ठेवल्या : दाढ काढणं, रूट कॅनाल पुन्हा करणं, किंवा हिरडी उघडून मुळाचा शेंडा कापणं. त्यांनी दुसरी वाट निवडली. मीही तीच सुचवली असती.

कॅपमधूनच वाट काढली, दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबरी पडदा (रबर डॅम) लावला, जुनं गटापर्चा काढलं आणि मिझियल नळ्यांत शेंड्यापर्यंत पोहोचता आलं. हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाने भरपूर धुतलं आणि अल्ट्रासॉनिक टोकाने ते द्रावण आत हलवत ठेवलं. इस्थमसच्या तोंडाशी अडकलेला भुगा सूक्ष्मदर्शकाखाली जितका दिसला तितका काढला. शेवटी भिंतीवरचा भुग्याचा थर विरघळवणारं १७ टक्के ईडीटीए, मग कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि वर तात्पुरतं भरण.

तीन-चार आठवड्यांनी बाई परत आल्या तेव्हा हिरडीवरचं छिद्र लहान झालं होतं, पण बंद झालं नव्हतं. दाबलं की ओल यायची.

अशा छिद्राने एवढ्या काळात मिटायला हवं. मिटलं नाही, म्हणजे एक तर आत अजून वस्ती आहे, नाही तर शेंड्याच्या बाहेर, मुळाच्या पृष्ठभागावर ती पसरली आहे. दुसरी शक्यता असेल तर आतून काहीही केलं तरी उपयोग नाही, शस्त्रक्रियाच लागते. पहिली असेल तर आतून आणखी एक प्रयत्न करण्यात अर्थ आहे. फोटोडायनॅमिक उपचाराचा, म्हणजे रंग लावून त्यावर प्रकाश सोडून जिवाणू मारण्याचा, विचार मी या टप्प्यावर केला.

पहिल्याच भेटीत तो का केला नाही, असा प्रश्न माझ्या सोबत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी विचारला. माझं मत ठाम आहे. भुगा, जुनं गटापर्चा, मेलेली ऊती हे सगळं नळीत असताना प्रकाश सोडणं म्हणजे वेळ घालवणं. रंग भुग्याला लागतो आणि प्रकाश गटापर्चावर अडतो. सफाईची जागा हा उपचार घेऊ शकत नाही.

प्रकाश जिवाणू कसा मारतो

खुर्चीत बसल्यावर बाईंनी लेसरची नळी पाहिली आणि विचारलं, "हा आतले जंतू जाळतो का हो?"

"नाही. नुसत्या या प्रकाशाने जंतूंना काहीच होत नाही. आधी त्यांना एक निळा रंग लावायचा. प्रकाश त्या रंगाला कामाला लावतो," मी म्हटलं.

याची पहिली नोंद सव्वाशे वर्षं जुनी आहे. म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब हा वैद्यकीचा विद्यार्थी ॲक्रिडीन या रंगाचा पॅरामिशियम या एकपेशीय जीवावर काय परिणाम होतो ते पाहत होता. तोच रंग, तेवढीच मात्रा, पण कधी पॅरामिशियम लवकर मरायचे तर कधी बराच वेळ जगायचे. फरक उजेडाचा होता. १९०० साली ते प्रसिद्ध झालं. पुढे टापायनर यांनी दाखवलं की या मरणाला ऑक्सिजनही लागतो, आणि १९०४ मध्ये या क्रियेला फोटोडायनॅमिक हे नाव मिळालं. त्यानंतर अँटिबायोटिकांचा काळ आला आणि जिवाणूंपुरता हा विषय अनेक दशकं मागे पडला. प्रतिकाराचा प्रश्न उग्र झाला तसा तो पुन्हा वर आला.

रंगाचा रेणू प्रकाशाचा एक फोटॉन गिळतो आणि उत्तेजित होतो. ती ऊर्जा तो दोन प्रकारे पुढे देऊ शकतो. एका वाटेत तो शेजारच्या रेणूशी इलेक्ट्रॉनची देवघेव करतो आणि त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रॉक्सिल असे आक्रमक घटक तयार होतात. दुसऱ्या वाटेत तो ऊर्जा थेट ऑक्सिजनला देतो आणि सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो. मिथिलीन ब्लू दोन्ही वाटांनी जातो, पण त्याचा मुख्य भर दुसरीवर असतो.

सिंगलेट ऑक्सिजन पाण्यात साधारण तीन-चार मायक्रोसेकंद टिकतो. पेशीच्या गर्दीत तर तो त्याहून लवकर संपतो आणि तेवढ्यात फार तर शे-दोनशे नॅनोमीटर सरकतो. जिवाणूची जाडीच पाचशे ते हजार नॅनोमीटर असते. म्हणजे रंगाचा रेणू जिवाणूला चिकटलेला किंवा त्याच्या आत असला, तरच घाव बसतो. द्रवात तरंगणारा रंग कितीही असला तरी तो प्रकाश खातो आणि बरंचसं काम वाया जातं.

याच कारणाने रंगाचा विद्युतभारही महत्त्वाचा ठरतो. आवरणाच्या रचनेवरून जिवाणूंचे ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह असे दोन गट पडतात. १९९० च्या दशकात स्पष्ट झालं की ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू कोणत्याही भाराच्या रंगाने मरतात, पण ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं बाहेरचं आवरण ऋणभारित असल्याने तिथे धनभारित रंगच चिकटतो आणि आत शिरतो. मिथिलीन ब्लू धनभारित आहे. मुळातल्या वस्तीत दोन्ही प्रकारचे जिवाणू असू शकतात, त्यामुळे हा गुण उपयोगी पडतो.

घाव एका ठरावीक लक्ष्यावर पडत नाही. पेशीचा पापुद्रा, प्रथिनं, डीएनए असं जवळ जे असेल ते जळतं. एकच जनुक बदलून सुटका करून घेणं जिवाणूला म्हणूनच कठीण जातं. अपुऱ्या मात्रेचे वारंवार डोस देऊन केलेल्या प्रयोगांत पक्का प्रतिकार सहसा उभा राहिलेला दिसत नाही. तरी जिवाणू अगदीच निःशस्त्र नसतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमधला नॉर-ए हा पंप मिथिलीन ब्लूला पेशीबाहेर फेकतो, हे दाखवलं गेलं आहे.

बायोफिल्ममध्ये गणित का बिघडतं

सुट्या जिवाणूंवर हा उपचार फार देखणा दिसतो. काचेच्या ताटलीत, स्वच्छ द्रवात, पाच-सहा लॉगची घट मिळवता येते, म्हणजे लाखात किंवा दहा लाखांत एखादा जिवाणू उरतो. तोच डोस बायोफिल्मवर दिला की परिणाम घसरतो, आणि दंतिनाच्या नलिकांत शिरलेल्या वस्तीवर आणखी घसरतो. मला या विषयात सगळ्यात जास्त रस इथेच आहे. रसायन तेच असतं, तरी उत्तर बदलतं, कारण रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन ही तिन्ही एकाच क्षणी एकाच ठिकाणी हजर असावी लागतात आणि बायोफिल्म तिघांनाही वेगवेगळ्या रीतीने अडवते.

रंगाला अडवतो तो आवरणातला डीएनए आणि ऋणभारित शर्करा. धनभारित रंग त्यांनाच चिकटतो आणि वरच्या थरात अडकून पडतो. म्हणून रंग घातल्यावर लगेच प्रकाश न देता काही मिनिटं थांबावं लागतं. रंग पाण्याऐवजी ग्लिसरॉल, इथेनॉल आणि पाणी यांच्या मिश्रणात विरघळवला तर तो दंतिनात जास्त खोल जातो, हेही काही संशोधकांनी दाखवलं आहे.

प्रकाशाला अडवतो तो रंगच. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडा हिशेब मांडते. मिथिलीन ब्लू ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला फार जोराने शोषतो. दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ टक्का, अशी तीव्रता नेहमीच्या वापरातली आहे. या द्रावणाच्या एक मिलिमीटर जाडीच्या थरातून लाल प्रकाशाचा जेमतेम काही टक्के भाग पार जातो. नळी रंगाने काठोकाठ भरून त्यात प्रकाश सोडला, तर भिंतीवरच्या वस्तीपर्यंत पोहोचेपर्यंत बहुतेक फोटॉन मधल्याच रंगाने गिळलेले असतात. तीव्रता वाढवून उपयोग होत नाही, नुकसानच होतं. दाट द्रावणात रंगाचे रेणू जोड्या करतात, त्यांचं शोषण ६६४ वरून ६१० नॅनोमीटरच्या बाजूला सरकतं आणि सिंगलेट ऑक्सिजनही कमी निघतो. रंग पाहिजे तो भिंतीला लागलेला. नळीत साचलेला रंग काढूनच टाकावा लागतो.

तिसरा अडथळा ऑक्सिजनचा. श्वसन करणाऱ्या बायोफिल्ममध्ये वरचे थरच ऑक्सिजन संपवतात. शंभर मायक्रोमीटरच्या आतच तो जवळजवळ शून्यावर येऊ शकतो. त्यात प्रकाश सुरू झाला की रंगाची क्रिया उरलेला ऑक्सिजनही खाते. प्रखर प्रकाश सलग देत राहिलं तर काही वेळाने तो नुसताच जळत राहतो. मध्ये थोडी विश्रांती दिली तर ऑक्सिजन पुन्हा आत झिरपायला वेळ मिळतो. याच अडचणीवर उपाय म्हणून पोटॅशियम आयोडाइड मिसळण्याचे प्रयोग झाले. सिंगलेट ऑक्सिजनची आयोडाइडशी क्रिया होऊन आयोडीन तयार होतं, ते टिकाऊ असतं आणि दिवा बंद झाल्यावरही मारत राहतं. प्रयोगशाळेतले त्याचे निकाल आशादायक आहेत. आम्ही ते या रुग्णात वापरलं नाही.

आम्ही काय केलं

कॅल्शियम हायड्रॉक्साइड काढलं. अल्ट्रासॉनिकसह पुन्हा हायपोक्लोराइट, मग ईडीटीए. त्यानंतर निर्जंतुक सलाइनने भरपूर धुतलं. हा शेवटचा टप्पा कंटाळवाणा आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. हायपोक्लोराइट हा ब्लीच आहे. तो नळीत थोडा जरी उरला तरी मिथिलीन ब्लूचा रंग उडवतो. नळीत घातलेला निळा रंग बघता बघता फिका पडत असेल, तर धुणं पुरेसं झालेलं नाही असं समजावं आणि पुन्हा धुवावं.

कागदी पॉइंटने नळ्या कोरड्या केल्या. दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमचा मिथिलीन ब्लू बारीक सुईने दोन्ही मिझियल नळ्यांत घातला, बारीक फाईलने हलकेच हलवून इस्थमसच्या तोंडापर्यंत नेला आणि पाच मिनिटं थांबलो. मग साचलेला रंग कागदी पॉइंटने टिपून घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली भिंती निळ्या आणि पोकळी मोकळी दिसायला हवी. इस्थमसची रेघ दोन नळ्यांच्या मध्ये निळी उठून दिसली. रंग निदान तिच्या तोंडापर्यंत तरी गेला होता, याचा तो पुरावा. खोलवर किती गेला, हे वरून दिसत नाही.

बाईंना, सहायकाला आणि मला त्या तरंगलांबीचे चष्मे. ६६० नॅनोमीटर, १०० मिलीवॅट, बारीक फायबर. शेंड्याच्या थोडं अलीकडून सुरुवात करून, गोल फिरवत, हळूहळू वर. प्रत्येक नळीत एकूण ९० सेकंद, पण ३० सेकंदांच्या तुकड्यांत आणि मध्ये विश्रांती देऊन. १०० मिलीवॅट गुणिले ९० सेकंद म्हणजे ९ ज्यूल. या ऊर्जेत सुमारे ३ गुणिले १० चा १९ वा घात इतके फोटॉन असतात. त्यातले किती योग्य जागी पडतात, प्रश्न तेवढाच आहे. दंतिन लाल प्रकाश विखुरतं. एरवी ही अडचण वाटते, इस्थमससाठी मात्र सोय होते, कारण सरळ रेषेत फायबर जिथे पाहू शकत नाही तिथेही विखुरलेला प्रकाश थोडा वळून जातो.

बाईंना उष्णता जाणवली नाही, दुखलं नाही. नंतर रंग पूर्ण धुऊन काढला. तो राहिला तर दात निळसर दिसू शकतो. पुन्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून तात्पुरतं बंद केलं. त्याच दिवशी कायमचं भरण केलं नाही, कारण हिरडीवरचं छिद्र काय करतंय ते मला आधी पाहायचं होतं.

पुढे काय झालं

दोन आठवड्यांनी छिद्र मिटलेलं होतं. त्या जागी फिकट ठिपका होता, दाबून ओल आली नाही. आणखी काही आठवडे थांबून, ते मिटलेलंच आहे हे पाहून नळ्या कायमच्या भरल्या. सहा महिन्यांच्या एक्स-रेमध्ये सावली लहान झाली होती आणि कडेने हाडाची जाळी भरताना दिसत होती. वर्षाच्या एक्स-रेमध्ये ती आणखी लहान होती, पूर्ण गेलेली नव्हती. बाईंना पुटकुळी पुन्हा आली नाही आणि त्यांनी मधल्या काळात गोळी घेतली नाही.

"म्हणजे लाइटनेच झालं ना?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं की ते मला सिद्ध करता येणार नाही, आणि इथेही तेच सांगते. या दाढेत एकामागून एक अनेक गोष्टी झाल्या. शेंड्यापर्यंत नळी पहिल्यांदाच साफ झाली, भुगा निघाला, हायपोक्लोराइट हलवत दोनदा दिलं गेलं, लेप दोनदा भरला गेला आणि त्या दोन लेपांच्या मध्ये प्रकाश. छिद्र प्रकाशानंतर मिटलं, पण दुसऱ्या वेळच्या सफाईनंतरही मिटलं. दोन्ही एकाच भेटीत झालं होतं. कदाचित पहिल्या सफाईचाच परिणाम उशिरा दिसला असेल. एका रुग्णावरून यातलं काही वेगळं काढता येत नाही.

एकूण पुरावा काय सांगतो? नेहमीच्या सफाईला या उपचाराची जोड दिली तर नळीतली जिवाणूंची संख्या आणखी घटते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण हाड जास्त चांगलं भरतं का, दाढ जास्त वर्षं टिकते का, यावरचा पुरावा अजून तोकडा आहे. प्रयोगशाळेतल्या अनेक तुलनांत हायपोक्लोराइट एकटं या उपचाराच्या बरोबरीने किंवा त्याहून सरस ठरलं आहे. हिरड्यांच्या खोल खाचांमध्येही अशीच स्थिती आहे. काही अभ्यासांत जोडउपचाराचा फायदा दिसतो, काहींत नाही, आणि दिसतो तिथेही तो माफक असतो. "९९.९ टक्के जिवाणू नष्ट" असं उपकरणाच्या पत्रकावर वाचलं की मी आधी किती होते ते विचारते. एक कोटी जिवाणूंचे ९९.९ टक्के मेले तरी दहा हजार उरतात, आणि बंद, ओलसर नळीत दहा हजार पुष्कळ झाले.

मग मी तो वापरते कशासाठी? ज्या जागी फाईल जात नाही, हायपोक्लोराइट पुरेसं टिकत नाही, आणि जास्त जोर लावला तर ते शेंड्याबाहेर जाऊन ऊती जाळण्याचा धोका असतो, तिथे या पद्धतीचा धोका कमी आहे. रंग शेंड्याबाहेर थोडा गेला तरी हानी किरकोळ. प्रकाश बंद की क्रिया बंद. अँटिबायोटिकच्या आणखी एका कोर्सने शरीरभरच्या जिवाणूंवर जो दबाव येतो, तो इथे येत नाही. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. बाईंना याआधी दिलेल्या गोळ्यांनी त्यांच्या आतड्यातले जिवाणू हादरले असतील, दाढेतल्या वस्तीला मात्र फारसा धक्का लागला नसणार.

तोंडाबाहेरही याच तत्त्वावर काम चालू आहे. व्हँकुव्हरमधल्या एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी रुग्णांच्या नाकात मिथिलीन ब्लू लावून लाल प्रकाश दिला गेला आणि जोडीला क्लोरहेक्सिडिनने अंग पुसलं गेलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात तीन हजारांवर रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेच्या जागेच्या संसर्गाचं प्रमाण आधीच्या २.७ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं होतं. तुलना आधीच्या काळातल्या रुग्णांशी होती आणि उपाय दोन होते, तेव्हा प्रकाशाचा वाटा इथेही सुटा काढता येत नाही. पण नाकाची त्वचा प्रकाशाला उघडी आहे आणि तिथे ऑक्सिजन भरपूर आहे. दाताच्या मुळाशी तुलना केली तर ती सोपी जागा आहे. बायोफिल्मची खरी कसोटी जुनाट जखमा, इम्प्लांटचे खडबडीत पृष्ठभाग आणि या दाढेसारख्या फटी इथे लागते.

रंगाशिवाय नुसत्या निळ्या प्रकाशाने जिवाणू मारण्याचीही एक वाट आहे. काही जिवाणूंच्या पेशीत स्वतःचेच पॉर्फिरिन, म्हणजे प्रकाश शोषणारे रेणू, असतात आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश त्यांनाच कामाला लावतो. हिरडीच्या आजारातले काळसर रंगद्रव्य बनवणारे पॉर्फिरोमोनास आणि प्रेव्होटेला त्यात येतात. पण निळा प्रकाश ऊतीत लाल प्रकाशाइतका खोल जात नाही. या रुग्णात त्याचा उपयोग नव्हता.

केसपेपरवर मी रंगाची तीव्रता, थांबण्याचा वेळ, तरंगलांबी, शक्ती, सेकंद, विश्रांती आणि फायबरचा व्यास हे सगळं लिहून ठेवलं. नुसतं "लेसर दिला" असं लिहिलेल्या नोंदीवरून पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही. दोन अभ्यासांचे निकाल जुळत नाहीत त्यामागेही पुष्कळदा हेच तपशील वेगळे असतात किंवा दिलेलेच नसतात.

अशा सावलीचं भरणं चार वर्षांपर्यंत पाहत राहावं लागतं. बाई वर्षातून एकदा एक्स-रेसाठी येणार आहेत. सावली लहान होत राहिली किंवा स्थिर राहिली आणि हिरडी कोरडी राहिली, तर काही करायचं नाही. ती वाढली किंवा छिद्र परत उघडलं, तर पुन्हा रंग आणि प्रकाश घेऊन मी त्याच नळ्यांत जाणार नाही. तेव्हा हिरडी उघडून मिझियल मुळाचा शेंडा कापायचा, कापलेल्या तोंडाकडून सूक्ष्मदर्शकाखाली इस्थमस अल्ट्रासॉनिक टोकाने थेट साफ करायचा आणि तो बंद करायचा, हे बाईंशी आत्ताच बोलून ठरवलं आहे.